राजमातेची पायरी

ठसेकाका म्हणजे पुरातत्त्व खात्यातला जुना माणूस. शिलालेखांचे ठसे घेणं हे त्यांचं काम. दगड घासून स्वच्छ करायचा, त्यावर ओला कागद बसवायचा, ब्रशने ठोकून ठोकून तो अक्षरांच्या खाचांत उतरवायचा आणि मग शाईची पुरचुंडी हलक्या हाताने फिरवायची. कागद काळा होतो, अक्षरं पांढरी राहतात. नंतर तो वाळेपर्यंत हाताची घडी घालून बसायचं. बत्तीस वर्षं त्यांनी हेच केलं, पण ती अक्षरं वाचायला काही शिकले नाहीत. कोणी छेडलंच तर म्हणायचे, "पोस्टमन काय पत्रं फोडून वाचतो?"

निवृत्तीनंतर पहिल्याच आठवड्यात काकूंनी फर्मान काढलं. ज्या दगडांपायी नवरा घरात टिकला नाही, ते दगड त्यांना एकदा बघायचे होते. दोघं जुन्या स्तूपावर गेली. काका आयुष्यात प्रथमच तिकीट काढून पुढच्या दाराने आत शिरले आणि त्यांना उगाचच चोरासारखं वाटलं.

काकू मात्र हरखून गेल्या होत्या. भिक्खूंच्या खोल्यांत डोकावून त्यांनी दगडी बाकावर पाठसुद्धा टेकून पाहिली. "उशीही दगडाचीच की हो! आणि उंच माणूस पाय कुठे ठेवत असेल?" काकांना ठाऊक नव्हतं. स्तूपाभोवती यात्रेकरू फुलं घेऊन हळूहळू फिरत होते. काकूही त्यांच्यात मिसळल्या आणि पूर्वेच्या पायऱ्यांशी गर्दी दिसली तशा थांबल्या.

तिथे वाटाड्या रंगात आला होता. "ही पायरी एका बाईने दान दिली, तसं तिच्यावर कोरलंय. अमक्याच्या आईचं दान, असं. अमका कोण, तो शब्द काळाच्या ओघात गेला. पण जाणकार म्हणतात, तो राजा असावा. म्हणून ही राजमातेची पायरी." शेजारी तशी पाटीही होती. लोक वाकून पायरीला हात लावत होते.

काकांचे कान लाल झाले. काळाचा इथे काडीचाही संबंध नव्हता.

नोकरीच्या दुसऱ्या वर्षी याच पायरीचा ठसा घेताना त्यांना घरी जायची घाई झाली होती. कागद पुरता वाळायच्या आधीच त्यांनी तो ओढला, आणि त्याच्या पाठीला चिकटून दगडाची एक पातळ कपची निघून आली. वर तीन-चार अक्षरं. काका घाबरले. तो कागद त्यांनी चहाच्या शेगडीत घातला आणि नव्याने ठसा घेतला. साहेबांनी सुरुवातीची कोरी जागा पाहून "झिजलंय वाटतं" म्हटलं आणि काकांनी मान डोलावली. कपची फेकायला मात्र हात झाला नाही. ती तीस वर्षं ब्रशच्या डब्यात पडून होती. आज गुपचूप पायरीच्या फटीत ठेवून यावी, या बेताने त्यांनी ती खिशात घातली होती.

"काय हो, बरं नाही का?" काकूंनी विचारलं.

काकांनी त्यांना झाडाखाली नेऊन सगळं सांगितलं. आता आपली चंपी होणार, अशी त्यांची खात्री होती. काकूंनी कपची तळहातावर घेतली, उलटसुलट केली.

"म्हणजे ती बाई कोणाची आई, ते तीस वर्षं तुमच्या डब्यात? काय लिहिलंय यावर?"

"मला काय माहीत?"

"कुणाला विचारलं नाहीत?"

"विचारायचं तर दाखवावं लागणार. दाखवायचं तर सांगावं लागणार."

"आणि तुम्हाला झोप कशी लागली? चोरीबिरी राहू द्या, पण वाचायचं राहिलंय म्हणून?"

खरं तर लागली नव्हतीच. कित्येकदा त्यांनी आंघोळ करता करता ती अक्षरं ओल्या भिंतीवर बोटाने काढून पाहिली होती. पण कपची दाखवली, तर बत्तीस वर्षांची अब्रू जाणार. ठसा घ्यावा तर काकांनी, असं खात्यात अजून म्हणत.

"फटीत ठेवलीत तर कोणालाच कळायचं नाही," काकू म्हणाल्या. "ना त्यांना, ना आपल्याला."

काका उठले आणि थेट स्तूपाच्या आवारातल्या खात्याच्या कचेरीत गेले.

तरुण साहेबबाईंनी सगळं ऐकून घेतलं, भिंगातून कपची पाहिली आणि तडक पायरीकडे चालत्या झाल्या. कपची खाचेत चपखल बसली. त्या बराच वेळ वाकून होत्या.

"कुंभाराच्या आईचे दान," त्यांनी वाचलं. मग पाटीकडे बघितलं. "राजमातेवर माझा अख्खा लेख छापून आलाय, काका."

"माझ्यामुळेच ते," काका म्हणाले.

"मला राग आलाय. तुमची चूक मी अहवालात लिहिणार, तुमच्या नावासकट."

"लिहा," काका म्हणाले. त्यांना वाईट वाटलंच, पण तीस वर्षांत प्रथमच छातीवरचं ओझं उतरलं.

काकूंचं दोघांकडेही लक्ष नव्हतं. "कुंभाराची आई," त्या म्हणाल्या. "त्या वर्षी लेकाची मडकी बरी खपली असणार. राजाच्या आईला काय, नुसतं सांगायचा अवकाश. हिने किती दिवस मनात धरलं असेल?"

आठ दिवसांनी कपची पक्की बसली आणि नव्या ठशासाठी साहेबबाईंनी काकांनाच बोलावलं. "अहवालात तेही लिहीन," एवढंच त्या म्हणाल्या. पाटी निघाली होती. काकू थर्मास घेऊन शेजारी बसल्या. काकांनी कागद बसवला, ठोकला, शाई फिरवली आणि हाताची घडी घातली. ऊन डोक्यावर आलं. कागदाचा एक कोपरा उचलला गेला, मग दुसरा.

"काढायचा का आता?" साहेबबाईंनी विचारलं.

"नाही."

अखेर कागद आपणहून सुटला. साहेबबाई तो उजेडात धरून वाचायला धावल्या, त्यांच्यामागे काकू. काकांनी कागदाकडे पाहिलंच नाही. ते गुडघे टेकून पायरीवर बोट फिरवत होते. कपची जागेवर होती.