आतल्या खोलीतलं हळदीकुंकू

शिलाई मशीनच्या तेलाचा वास आणि भाजलेल्या तिळाचा वास एकमेकांत मिसळले की तिसराच एक वास तयार होतो, किंचित कडवट, किंचित खमंग, आणि तो आला की मला जानेवारीतला तो शुक्रवार आठवतो. संक्रांत होऊन चार-पाच दिवस झाले होते. अंबरपेठेतल्या आमच्या गल्लीवर तारांचं जे जाळं पसरलेलं आहे, त्यात फाटके पतंग अजून लोंबत होते, आणि दुपारचं तिरपं ऊन खिडकीच्या गजांतून येऊन मशीनच्या फळीवर विसावलं होतं. मी वाणाच्या शेवटच्या पिशवीला बंद लावत होतो. हेमाच्या हळदीकुंकवाला साडेचारपासून बायका यायच्या होत्या, आणि त्याआधी, चारच्या ठोक्याला, मी घराबाहेर पडायचं असं आम्हा नवराबायकोत ठरलं होतं.

बाहेर पडायचं कारण असं, की त्या वेळी मी कामावर असायला हवा होतो. आषाढात माझी नोकरी गेली होती. कंपनीने गोदाम दुसऱ्या राज्यात हलवलं आणि ते सांभाळणाऱ्या आम्हा जुन्या माणसांना हार घालून निरोप दिला. आजकाल निम्मं हैदराबाद घरी बसून काम करतं, पण गोदाम काही घरी आणता येत नाही, त्यामुळे ती सबबही माझ्या कामाची नव्हती. हेमा शाळेत शिकवते. तिच्या पगारावर आमचं चाललं होतं. मी मात्र रोज सकाळी डबा घेऊन निघायचो, दोन चौकांचा वळसा घालायचो आणि जिन्यात कुणी नाही असं बघून परत यायचो. स्वतःच्याच घरात असं चोरपावलांनी शिरायचं, चपला हातात घ्यायच्या, संध्याकाळपर्यंत खिडकीत उभं राहायचं नाही, हे सगळे नियम माझे मीच केलेले. हेमाने सुरुवातीला दोनदा समजावून पाहिलं, मग सोडून दिलं.

बाकीच्यांना कळलं असतं तर मी एक वेळ सोसलं असतं. अक्काला कळायला नको होतं. अक्का माझी मोठी बहीण, सिकंदराबादला असते. दाजी रेल्वेत होते. आमचे वडील गेल्यावर त्यांनीच मला गावाकडून या शहरात आणलं आणि कुणाकडे तरी शब्द टाकून या नोकरीला चिकटवलं. दाजी आता नाहीत. पण विनूला, म्हणजे मला, त्यांनी मार्गी लावलं, तो एकाच जागी तीस वर्षं टिकला, हे अक्का लग्नात, बारशात, दवाखान्याच्या रांगेतसुद्धा सांगते. तिच्या त्या सांगण्यातून दाजी थोडे जिवंत राहतात, असं मला वाटायचं, आणि मग तोंड उघडण्याची हिंमतच व्हायची नाही.

हळदीकुंकू करणं आम्हाला परवडत नव्हतं, आणि न करणं त्याहून परवडत नव्हतं. लग्नानंतर एकाही वर्षी न चुकलेलं हळदीकुंकू यंदाच का नाही, हे विचारायला चार बायका जिना चढून आल्याच असत्या. तेव्हा हात आखडूनच ते थाटायचं ठरलं. दरवर्षी बेगम बाजारातून येणाऱ्या स्टीलच्या वाट्या गेल्या, मिठाईच्या दुकानातल्या कचोऱ्या गेल्या; त्यांच्या जागी भिजवलेल्या हरभऱ्यांची उसळ आली, घरच्या तिळाच्या वड्या आल्या, आणि गजऱ्यांऐवजी गच्चीवरच्या कुंड्यांतली शेवंती आली. वाण म्हणून कापडी पिशव्या. हेमाने तिच्या तीन सुती साड्या काढून दिल्या, त्यातली एक पोचमपल्ली, जी ती अजूनही नेसू शकली असती. अस्तराला मी माझे ऑफिसचे शर्ट फाडले. एवढे शर्ट आता कशाला लागतात, असं मी गमतीने म्हणालो, पण ती हसली नाही.

खरं सांगायचं तर त्या पिशव्या शिवण्यात मी रमलो होतो. ती शाळेत गेली की मी पायमशीनवर बसायचो आणि पायाखालच्या पट्टीची लय लागली की डोक्यातलं चक्र थांबायचं. सरळ शिवण जमायला मला तीन आठवडे लागले. तीस वर्षं मी दुसऱ्याचा माल आला-गेला एवढंच पाहिलं. माझ्या हातून झालेली वस्तू मी पहिल्यांदाच हातात धरत होतो, आणि ती कुणाला दाखवायची सोय नव्हती.

तर त्या दिवशी बंद लावण्याच्या नादात घड्याळाकडे लक्ष राहिलं नाही, आणि पावणेचारलाच बेल वाजली. अक्का. मदतीला म्हणून लवकर आलेली, हातात बोरांची आणि उसाच्या करव्यांची पिशवी. हेमाने उघड्या दारातूनच मोठ्याने "या अक्का" म्हणून मला इशारा दिला, आणि दुसऱ्या क्षणी येऊन आतल्या खोलीचं दार ओढून घेतलं, बाहेरून कडी घातली. खोलीत फार पसारा आहे, असं ती अक्काला सांगत असल्याचं मी ऐकलं. खोटं नव्हतं ते. त्या पसाऱ्यात मी होतो.

मग तीन तास मी त्या खोलीत कसे काढले ते माझं मला माहीत. पंखा लावायची चोरी, खाट करकरते म्हणून तिच्यावर बसायची चोरी, मोबाईल मुका करून उशीखाली. मशीनच्या स्टुलावर अवघडून बसलो आणि दाराखालच्या फटीतून येणाऱ्या प्रकाशात बायकांच्या पावलांच्या सावल्या बघत राहिलो. साड्यांची सळसळ, बांगड्या, अत्तराचा घमघमाट, त्याने नाकात उठलेली आणि दोन्ही हातांनी दाबून धरलेली शिंक. तेलुगू शेजारणी, शाळेतल्या मास्तरणी, आमच्या नात्यातल्या चौघी-पाचजणी, सगळ्यांच्या बोलण्याची सरमिसळ होऊन येत होती. या साऱ्या बायका एकमेकींना हळदकुंकू लावत होत्या ते आपापल्या नवऱ्याच्या आयुष्यासाठी, आणि ज्याच्यासाठी या घरातलं कुंकू होतं तो तहानेने व्याकूळ होऊन भिंतीला टेकला होता. कुणीतरी हेमाला नाव घ्यायचा आग्रह केला. तिने दरवर्षीचाच उखाणा एका दमात म्हटला, माझं नाव आलं, बायका हसल्या, आणि मला इतकी लाज वाटली की मी कानांवर हात ठेवले.

ऊन भिंतीवरून उतरून गेलं. खोलीत संध्याकाळचा तो राखाडी, दमट थंडावा भरायला लागला. ओट्या भरून झाल्या आणि वाण वाटायला सुरुवात झाली तशा बाहेरच्या आवाजात पिशव्यांचं कौतुक ऐकू यायला लागलं. कुणी अस्तर उलटून पाहिलं, कुणी पोचमपल्लीचे काठ बरोबर तोंडाशी आणलेत म्हणाली. माझा ऊर भरून आला, ते मी कबूल करतो. तेवढ्यात अक्काने विचारलं की शिंपी कुठला, तिला दोन उशांचे अभ्रे शिवून घ्यायचे होते. दिलसुखनगरचा एखादा शिंपी सांगून टाकायचा, तेवढं पुरे होतं. मी आतून हेमाला तेच सांगत होतो, मनातल्या मनात, देवाला सांगावं तसं.

"अक्का, ह्यांनी शिवल्यात त्या," हेमा म्हणाली. "हे घरीच असतात. नोकरी गेली त्यांची."

मग खालच्या मजल्यावरच्या अनसूयाअम्मांचा जाडाभरडा, मायाळू आवाज आला. "मेरेकू मालूम है ना अम्मा. तू स्कूल कू जाती, दोपहर कू ऊपर मशीन चलती. रोज सुनती मैं." आणि कुणीच आश्चर्याने काही म्हणालं नाही, तेव्हा मला कळून चुकलं की ते फक्त अनसूयाअम्मांना ठाऊक होतं असं नाही. अख्ख्या इमारतीने इतके महिने मला जिन्यात भेटायचं टाळलं होतं, आणि मी मात्र मीच त्यांना टाळतोय असं समजत होतो. उरली होती ती एकटी अक्का.

पावलं दाराशी आली. कडी निघाली. अक्का आत आली, तिने दिवा लावला आणि एवढ्या उजेडात माझे डोळे मिटले. उघडले तेव्हा ती खाटेवर बसली होती, हातात पिशवी.

"हा बंद तिरका बसलाय बघ," ती म्हणाली. "नीट करून दे."

मी पिशवी घेतली. कात्रीच्या टोकाने टाके उसवायला लागलो. बाहेर बायकांचं बोलणं पुन्हा सुरू झालं होतं, आता मोठ्याने. इतका वेळ त्या सगळ्या हळू आवाजात बोलत होत्या, हे माझ्या त्याच क्षणी लक्षात आलं. अक्का माझ्या हातांकडे बघत होती. दाजींचं नाव निघेल, तीस वर्षांचं काहीतरी निघेल, म्हणून मी मान वर करत नव्हतो.

"कधीपासून रे?"

"आषाढापासून."

ती मनात महिने लावत असावी. मी बंद सरळ धरला, सुईखाली घेतला, पट्टीवर पाय ठेवला.

"म्हणजे राखीला आलतास तवाबी?"

राखीला मी तिच्याकडे गेलो होतो. नवी साडी नेली होती, आणि ती विचारेल त्याआधीच ऑफिसच्या दोन गमती सांगितल्या होत्या, ज्या घडल्याच नव्हत्या. ती पोट धरून हसली होती आणि आग्रहाने मला आणखी एक पुरणपोळी वाढली होती.

"हो," मी म्हणालो.

मी शिवण घातली. अक्काने पिशवी घेऊन बंद दोन्ही हातांनी ओढून पाहिला, दोऱ्याचं टोक दाताने तोडलं, पिशवी घडी करून काखेत धरली आणि उठली. माझ्या डोक्यावरून हात फिरवील असं मला वाटलं होतं. तिने तो फिरवला नाही. जाताना मात्र तिने दार सताड उघडं ठेवलं, आणि बाहेरचा सगळा उजेड, अत्तर, शेवंती, पंधरा-सोळा बायकांचे चेहरे एकदम आत आले. हेमा तिळगुळाची वाटी घेऊन माझ्याकडे यायला निघाली होती. आता लपायचं असं काही उरलं नव्हतं, कुणापासूनच नाही. आणि तरी त्या क्षणी मला वाटलं ते एवढंच, की कुणीतरी ते दार पुन्हा ओढून घ्यावं, बाहेरून कडी घालावी. हे मी हेमाला अजून सांगितलेलं नाही.