तीनशे अडुसष्टचं शिखर

आधीच सांगते, मी केमिस्ट्रीची बाई. घरात कुणी दृष्ट काढायला मीठ-मोहऱ्या घेतल्या की मी उठून बाहेर जाते. त्यामुळे हे लिहिताना माझा मलाच राग येतोय. हसायचं तर खुशाल हसा...

नव्वदच्या दशकात पनवेलबाहेर, उरण रोडला एक खाजगी प्रयोगशाळा होती. नाव राहू दे. कोळसा ज्या रेणूंचा बनलाय ते किती वजनाचे, हे शोधायचं आमचं काम. कोळशाचा काळा अर्क काढायचा, त्याचा थेंब स्टीलच्या प्लेटवर सुकवायचा, प्लेट मशीनच्या पोटात सरकवायची आणि बटण दाबून लेझर मारायचा. रेणू उडतात — हलके आधी पोचतात, जड मागून. त्यावरून वजन कळतं आणि कागदावर शिखरं उमटतात. अर्काला लागणाऱ्या रसायनाचा वास असा घाण की एसटीत माझ्या शेजारी कुणी बसायचं नाही.

मशीन न्हावा शेवाला उतरलं तेव्हापासून मी त्यावर. चार वर्षं. आणि माझी शिखरं पाचशेच्या पुढे सरकायला तयार नाहीत! मग आला नीलेश. पुण्याचा, सव्विशीतला, मला ‘ताई’ म्हणायचा. मशीनवर त्याचा हात मीच बसवला. आठ महिन्यांत पठ्ठ्याने तीन हजार वजनाचे रेणू दाखवले.

माझा नुसता जळफळाट झाला. त्याचं शिट्टी वाजवणं, साहेबांचं उठसूट ‘नीलेशला विचारा’ — सगळं डोळ्यांत खुपायचं. जर्मनीच्या कॉन्फरन्सला एकालाच पाठवणार होते आणि ते दसऱ्यानंतरच्या ग्राफवरून ठरणार होतं. मी नवा अर्क केला होता, जीव ओतून. तरी धाकधूक होतीच. खोटं कशाला बोलू, त्याला ऐन वेळी ताप यावा असंसुद्धा मनात आलं होतं.

खंडेनवमीला आमच्याकडे मशीनची पूजा असायची. म्हात्रेमामा, आमचे गव्हाणचे जुने अटेंडंट, झेंडूचा हार घालायचे आणि हळद-कुंकू मी लावायचे. नियम एकच — पूजेआधी सगळ्या प्लेटा कपाटात, कुलूप लावून. हळदीचा कण आत गेला तर आठवडा वाया. किल्ली सीनियर म्हणून माझ्याकडे.

आरती झाली, सगळे पेढ्यांकडे गेले. माझं बोट अजून हळदीने ओलं होतं. कपाट उघडलं, नीलेशची प्लेट काढली — मागे लाल रंगात ‘नी’ — आणि सहाच्या सहा थेंबांवर बोट टेकवलं. काळ्यावर पिवळं दिसतंय कशाला. हळदीच्या पिवळ्या रेणूचं वजन तीनशे अडुसष्ट. तिथे उंच शिखर येईल आणि त्याचा ग्राफ केराच्या टोपलीत... एवढा हिशोब मी उभ्या उभ्या केला.

दसऱ्यानंतर नीलेशने तीच प्लेट लावली. मी शेजारीच उभी. ग्राफ स्वच्छ! तीनशे अडुसष्टला काही नाही. मग माझी प्लेट लावली, बटण दाबलं. तीनशे अडुसष्टला हे एवढं शिखर, बाकी सगळं त्याखाली गुडुप.

प्लेटा ॲसिटोनने धुतल्या, हात तर सोलवटले. नवी कोरी प्लेट घेतली, त्यावर काहीच न लावता लेझर मारला — तरी तीनशे अडुसष्ट.

नीलेश तीन दिवस स्वतःचं काम सोडून माझ्यासाठी राबला. शेवटी म्हणाला, “ताई, ही कोरी प्लेट तशीच ठेवू, बटण आळीपाळीने दाबू.” त्याने दाबलं, स्वच्छ. मी दाबलं, तीनशे अडुसष्ट. दहा वेळा केलं, दहाही वेळा तेच.

“मशीनला तुम्ही फारच आवडलेल्या दिसता!” तो हसत म्हणाला.

म्हात्रेमामा फरशी पुसत होते. माझ्याकडे न बघता म्हणाले, “मशीनला बी सगलं कलतं ताय. आमी काय उगाच हलद लावत नाय.”

त्यांनी पाहिलं होतं का? विचारायची हिंमतच झाली नाही.

माझ्या प्लेटवर बटण मी दाबतो, असं नीलेश म्हणाला, पण त्याचेच उपकार नकोत म्हणून मी नको म्हटलं. माझ्या सॅम्पलमध्ये भेसळ, असा शेरा साहेबांनी मारला. जर्मनीला नीलेश गेला. परत आला तो चॉकलेटचा डबा आणि एक गुंडाळलेला कागद घेऊन. “न विचारता तुमचा अर्क घेऊन गेलो होतो, रागवू नका. तिथल्या मशीनवर लावून घेतला. बघा ना, चार हजारांपर्यंत! माझ्यापेक्षा जास्त. जायला तुम्हीच हव्या होतात, ताई.”

कागदावर तीनशे अडुसष्टला काहीच नव्हतं. मी ‘थँक यू’ म्हणाले आणि बाथरूममध्ये जाऊन रडले.

वर्षभरात नोकरी सोडली, कॉलेजात शिकवायला लागले. हळद त्याच्या प्लेटवर असताना शिखर माझ्याच हाताला का यायचं, हे मला आजही कळलेलं नाही. कुणा जाणकाराला कधी विचारलं नाही, कारण मग आधी हळद कुणी लावली ते सांगावं लागलं असतं.

नीलेश, वाचत असशील तर... ती मी लावली होती.