फणसाचं मटण आणि डॉक्टर तोरसकर

घोडपदेवच्या जयवंत तोरसकरला लोक बरीच वर्षं इन्स्पेक्टर समजत होते, आणि त्यात लोकांची फारशी चूक नव्हती. चूक होती 'तौलनिक' या शब्दाची. हॉलंडहून डॉक्टरेट घेऊन तो परतला तेव्हा त्याच्या आईने, जाईबाईंनी, अख्ख्या मजल्यावर पेढे वाटले. शेजारच्या रघुवीरने पेढा तोंडात टाकून विचारलं, "काकू, पण जयवंता कसला डॉक्टर झाला?"

जाईबाईंनी मुलाकडे पाहिलं. मुलगा म्हणाला, "तौलनिक कायदा. त्यातही अन्नपदार्थांचं नियमन."

रघुवीरने त्यातलं 'तौल' ऐकलं आणि 'अन्न' ऐकलं. दोन्हींची बेरीज करून संध्याकाळपर्यंत त्याने खाली नाक्यावर जाहीर केलं, की आपला जयवंता आता वजनकाटे पण तपासणार आणि भेसळ पण पकडणार. दोन खाती, एक माणूस. परदेशातून शिकून आलाय म्हटल्यावर तेवढं असणारच.

तेव्हापासून जयवंत बाजारात गेला की कोळीण वजन झाल्यावर वर दोन बोंबील टाकी. उडुपी हॉटेलात शिरला की गल्ल्यावरचा मालक आतल्या बाजूला ओरडे, "टोप्या घाला रे!" जयवंतने समजावून पाहिलं. "अहो, मी नुसता शिकवतो." मालक डोळे मिचकावून म्हणे, "हां साहेब, आम्ही कुठे काय बोललो?"

खरं म्हणजे तो फोर्टातल्या एका लॉ कॉलेजात प्राध्यापक होता. या वाटेला तो लागला तोही एका सरबतामुळे. गिरगावात एका वकिलाच्या हाताखाली उमेदवारी करत असताना एक दावा आला होता. बाटलीवर आंब्याचं चित्र होतं, आत आंबा औषधालाही नव्हता. न्यायाधीशांनी सहज विचारलं, "परदेशात अशा वेळी काय करतात?" दोन्हीकडचे वकील कागद चाळू लागले. जयवंत म्हणाला, "बघून सांगतो." बघायला म्हणून गेला तो सात वर्षांनी परतला. तोवर दावा निकालात निघाला होता, सरबतवाल्याने धंदा बदलला होता आणि न्यायाधीश निवृत्त होऊन शिवाजी पार्कला फेऱ्या मारत होते.

कुठल्या पदार्थाला कुठलं नाव द्यावं, हा त्याचा विषय. सोयाच्या पांढऱ्या पाण्याला दूध म्हणावं का, भाजीच्या वडीला कबाब म्हणावं का, आणि यावर कुठला देश काय म्हणतो. जाईबाई सगळं शांतपणे ऐकून घेत आणि विचारत, "दुधाक दूध म्हणूचा की नाय, ह्येच्यार सात वर्षां?"

त्याच्या पुस्तकाचा नायक होता 'सामान्य ग्राहक'. युरोपातल्या न्यायालयांनी असा एक माणूस कल्पिलेला आहे. तो पुरेसा जाणकार असतो, लक्ष देऊन वाचतो आणि सावधपणे खरेदी करतो. जयवंतचं म्हणणं असं, की या माणसावर विश्वास ठेवावा. पाटीवर भाजीचं नाव स्पष्ट लिहिलेलं असेल, तर पुढे मटण म्हणा की कबाब म्हणा, तो फसत नाही. या एका वाक्यावर जयवंतने तीनशे पानं लिहिली होती, चार देशांत भाषणं दिली होती आणि एका इटालियन बाईंशी कायमचं भांडण घेतलं होतं.

यंदा होळी झाल्यावर लालबागच्या एका मंडळाने मालवणी खाद्यमहोत्सव भरवला. रघुवीर मंडळाचा चिटणीस. त्याने बॅनरवर छापून टाकलं, 'प्रमुख पाहुणे: अन्न-इन्स्पेक्टर डॉ. जयवंत तोरसकर'. जयवंत चिडला, पण बॅनर लागून गेला होता. शिवाय त्याचाही एक स्वार्थ होता. कॉम्प्युटर शिकवणारा त्याचा मित्र बुद्धभूषण आणि तो, दोघांनी मिळून एक अ‍ॅप तयार केलं होतं. पदार्थाच्या पाटीसमोर फोन धरला की नाव नियमात बसतं का नाही, ते फोन सांगतो. हजारो पाकिटांचे फोटो दाखवून त्याला तयार केलं होतं. गर्दीत त्याची परीक्षा घ्यायची ही चांगली संधी होती.

महोत्सवात जाईबाईंचाही स्टॉल होता. कोवळा फणस त्या मटणाच्या वाटपात, म्हणजे वाटलेल्या मसाल्यात, असा शिजवत की बघणाऱ्याला फरक कळू नये. त्यांनी रघुवीरला सांगितलं होतं, पाटीवर 'फणसाचं मटण' लिहून आण. जयवंतला हे नाव पसंत होतं. त्याचं अख्खं पुस्तकच त्या दोन शब्दांत मावलं होतं.

रात्री आठच्या सुमाराला त्या स्टॉलवरून आरडाओरडा ऐकू आला. जयवंत धावत गेला. शिवाजी पार्कचे हितेंद्र नावाचे एक बँक अधिकारी हातात प्लेट घेऊन लालबुंद उभे होते.

"मटण म्हणून फणस खायला घातला मला!"

"बोर्डार फणस लिवलेला दिसूक नाय तुमका?" जाईबाई कडाडल्या. "डोळे आसत मां?"

"दिसलं ना! म्हणूनच आलो. 'फणसांचं मटण'. मला वाटलं, फणस आडनावाच्या लोकांचं मटण!"

सगळ्यांच्या माना पाटीकडे वळल्या. रघुवीरच्या पेंटरने 'सा'वर एक टपोरा अनुस्वार देऊन ठेवला होता.

"फणस असं आडनाव असतं काय?" रघुवीर म्हणाला.

"का नसावं? आमच्या ब्रँचला काकडे आहेत, भोपळे आहेत, मुळे आहेत. मॅनेजर कांदे आहेत. फणसांनीच काय घोडं मारलंय?"

रघुवीरने माइक जयवंतच्या हातात कोंबला. "इन्स्पेक्टर साहेब, न्याय तुम्हीच करा."

जयवंतने माइक खाली घेतला आणि हितेंद्रांना नीट न्याहाळलं. ज्या सामान्य ग्राहकाबद्दल त्याने तीनशे पानं लिहिली, तो त्याला आजवर प्रत्यक्ष भेटला नव्हता. आज तो समोर उभा होता, ओठाला रस्सा लागलेला. जाणकार होता, बँकेत अधिकारी होता. पाटी लक्ष देऊन वाचली होती.

"घेण्याआधी तुम्ही काही विचारलंत का?" जयवंतने हळूच विचारलं.

"विचारलं तर! मटण मऊ आहे ना, म्हटलं. या म्हणाल्या, लोण्यासारखा."

"फणसाचाच विचारतत असा वाटला माका," जाईबाई म्हणाल्या.

म्हणजे माणूस सावधही होता.

"आणि खाताना कळलं नाही?"

हितेंद्र जरा ओशाळले. "दोन प्लेटी झाल्या तोवर नाही. तिसऱ्या प्लेटीत आठळी लागली. मला वाटलं नळी आहे. चोखत बसलो होतो."

लोक पोट धरून हसायला लागले. तेवढ्यात बुद्धभूषणने उत्साहाने फोन पाटीसमोर धरला. फोन क्षणभर विचारात पडला आणि खणखणीत आवाजात म्हणाला, "मांसाहारी पदार्थ. मांसाहाराची खूण, तपकिरी त्रिकोण, नाही. नियमभंग."

"बघा!" हितेंद्र म्हणाले. "मशीनसुद्धा फसलं."

जयवंतने आईकडे पाहिलं, मग पाटीकडे, आणि घसा खाकरला. "सर्वप्रथम, मी इन्स्पेक्टर नाही. कधीच नव्हतो. पण माझं मत विचारत असाल, तर ही पाटी दिशाभूल करणारी आहे. ती बदलावी."

जाईबाईंनी मुलाकडे असं पाहिलं, की पुढच्या रांगेतले लोक हसायचे थांबले. त्यांनी पाटी उलटी फिरवली आणि खडू त्याच्या हातात ठेवला. "लिव तूच."

जयवंतने कायद्याला धरून लिहिलं. 'कोवळ्या फणसाची मटणाच्या मसाल्यात केलेली शाकाहारी भाजी'. शेवटचा शब्द पाटीत मावेना, तो कडेने उभा लिहावा लागला.

"ह्यां वाचूस्तवर लोकांची भूक मरतली," जाईबाई म्हणाल्या.

झालंही तसंच. शाकाहारी लोक 'मटण' वाचून पुढे सरकत, आणि मांसाहारी लोक 'भाजी' वाचून. टोप भरलेला, स्टॉलपुढे चिटपाखरू नाही. जाईबाई पंख्याची दिशा उगाचच बदलत राहिल्या. जयवंत बाजूला उभा राहून युरोपातलं एखादं उदाहरण आठवून पाहत होता. आठवेना.

शेवटी हितेंद्रांनाच राहवेना. हातातली तिसरी प्लेट त्यांनी सोडली नव्हतीच. ती उंच धरून ते स्टॉलपुढे उभे राहिले आणि बँकेत कधी चढवला नसेल असा आवाज चढवून ओरडले, "या, या! फणस आहे, पण कळत नाही! मी स्वतः फसलोय! तुम्ही ओळखून दाखवा!"

पहिल्यांदा दोन कॉलेजच्या पोरी आल्या. मग एक अख्खं कुटुंब आलं. आपण काही फसणार नाही, या खात्रीने एकेक जण प्लेट घेई आणि अर्ध्यावर आल्यावर म्हणे, "छे, हे मटणच आहे!" लाइन मैदानाच्या गेटपर्यंत गेली. टोप खरवडून झाला तेव्हा जाईबाईंनी शेवटची वाटी हितेंद्रांपुढे सरकवली आणि म्हणाल्या, "घेवा. ह्येत आठळी नाय."

जयवंतशी मात्र त्या आठवडाभर बोलल्या नाहीत. जेवायला वाढत, ते पदार्थाचं नाव न घेता.

पुस्तकाच्या दुसऱ्या आवृत्तीत जयवंतने सामान्य ग्राहकाचं प्रकरण नव्याने लिहिलं. त्याने लिहिलं, की हा माणूस जाणकार असतो, लक्ष देतो, सावध असतो, आणि तरीही फसतो. आणि गंमत म्हणजे अधूनमधून त्याला फसायला आवडतं. बुद्धभूषणने अ‍ॅपला आडनावांची यादी शिकवायला घेतली आहे. महाराष्ट्रातली आडनावं बघता ते काम कधी संपेल याची तो खात्री देत नाही.

गेल्या महिन्यात हॉलंडला परिषदेत जयवंतने हा किस्सा सांगितला. इंग्रजीत सांगताना अनुस्वाराची मजा निघून गेली. कुणी हसलं नाही. इटालियन बाई तर वहीत काहीतरी टिपून घेत होत्या. फक्त मागच्या रांगेतले एक वयस्क जर्मन प्राध्यापक उठले आणि अतिशय गंभीरपणे म्हणाले, "माझं नाव रेटिश. आमच्या भाषेत मुळा. माझ्या काकांचं मटणाचं दुकान होतं. तुमच्या त्या ग्राहकाचं म्हणणं मला पूर्णपणे पटतं."