बंधाऱ्यावरची बादली

शाळेत शिकवायला जाताना मी रोज कृष्णेवरचा एक बंधारा ओलांडतो. नदीला नवं पाणी आलं की मासे अंडी घालायला वरच्या ओढ्यांकडे निघतात आणि या भिंतीशी अडतात. तिथेच एक म्हातारे मासेमार कमरेएवढ्या पाण्यात जाळं धरून उभे असतात. त्यांचं नाव मी कधी विचारलं नाही.

सापडलेल्या प्रत्येक माशाच्या पोटावरून ते हलकेच अंगठा फिरवतात. अंडी नसली तर मासा विकायच्या पाटीत, असली तर पाण्याच्या बादलीत. मग ती बादली घेऊन, गुडघ्यावर हात टेकत ते पायऱ्या चढतात आणि मासा बंधाऱ्याच्या वरच्या अंगाला सोडून देतात. खरं तर गिऱ्हाईक आधी हात घालतं ते अंड्यांनी भरलेल्या माशालाच. मला हा खुळेपणा वाटायचा.

परवा मी त्यांना फोनवर चिनूक सालमन दाखवला. समुद्रात वाढलेला हा मासा जन्मलेल्या नदीत परततो, धबधब्यांवर उड्या मारत चढतो, अंडी घालतो आणि मरतो.

"मग पिल्लांस्नी वाट कोन दावतं?" त्यांनी विचारलं.

"जन्माच्या पाण्याचा वास त्यांच्या ध्यानात राहतो म्हणे."

त्यांनी ओला तळवा नाकाशी नेला आणि बराच वेळ तसाच धरला.

"त्यांच्या वाटंत बंधारं न्हाईत व्हय, गुर्जी?"

"आहेत की. पण तिथे माशांना चढायला पाण्याच्या पायऱ्या बांधल्यात."

"लय ब्येस केलं," म्हणत त्यांनी बादली उचलली. "हितं मी हाय."