भेवाचा रकाना

वामन गेल्याचं मला कळलं तेव्हा मी त्याचीच गोष्ट सांगत होतो. नागपूरला एका लग्नात जेवणं उरकली होती, पानाचं तबक मधोमध होतं आणि भोवती आठ-दहा माणसं होती. गोष्ट माझी नेहमीची... आलापल्लीच्या सॉ मिलची, इंजिनघराच्या स्लॅबची आणि चष्मा विसरला म्हणून चांद्याहून परत आलेल्या वामनची. ती मी बसून सांगत नाही. उठतो, धोतराचा सोगा धरून बैलगाडीतून उतरणारा वामन करून दाखवतो, आवाज पार खाली आणतो आणि शेवटी म्हणतो, ‘आणि मंडळी, चष्मा सगळा वेळ त्याच्या नाकावर होता.’ वीस वर्षं लोक या वाक्याला हसत आले आहेत. त्या दिवशी मी गाडीतून उतरतच होतो, एक पाय हवेत, तेवढ्यात वरोऱ्याहून आलेले एक गृहस्थ म्हणाले, ‘वामनराव ना? ते गेल्या मंगळवारी वारले हो.’ मी पाय खाली ठेवला. 

पन्नासच्या दशकातली मधली वर्षं होती ती. चंद्रपूरला तेव्हा सगळे चांदाच म्हणत. आलापल्लीच्या सागवानात लाकूड कापायची एक गिरणी उभी राहायची होती. मी, म्हणजे दत्तू, तिथे ओव्हरसिअर होतो, वय तिशीच्या आत आणि जीभ वयापेक्षा बरीच लांब. वामन माझ्याहून पाच-सहा वर्षांनी मोठा, वरोऱ्याचा. कुठलं काम कधी सुरू करायचं, त्याला किती माणसं, किती दिवस, आधी काय आणि मागाहून काय, हे सगळं आखणं त्याच्याकडे होतं. मृगाच्या आत इंजिन छपराखाली आणि टाकी छपरावर गेली पाहिजे, कारण एकदा नाले भरले की दिवाळीपर्यंत जड सामान येणार नाही, हे त्याच्या आखणीचं शेवटचं घर. तिथून तो उलटा, एकेक दिवस मागे मोजत, पहिल्या कुदळीपर्यंत आला होता.

आणि हा माणूस भित्रा होता. असा भित्रा मी पुन्हा पाहिला नाही. पायतण घालण्याआधी तो ते तीनदा आपटायचा, विंचू असेल म्हणून. नदीच्या नावेत डोळे मिटून बसायचा. फळीतून वर आलेला खिळा दिसला की तो ठोकल्याशिवाय त्याला जेवण जात नसे. त्यानं खाकी कागदाचे ताव चिकटवून मोठा तक्ता केला होता, आणि त्यात काम, माणसं, दिवस यांच्यापुढे चौथा रकाना होता... ‘भेव’, म्हणजे भीती. विटांच्या ओळीत लिहिलेलं, ‘भट्टीवाल्याच्या पोरीचं लगन, दोन दिवस.’ चुन्याच्या ओळीत, ‘नदीवर नाव एकच.’ मी त्यावरून त्याला फार छळला. एकदा म्हटलं, ‘वामनराव, तुमच्या लग्नाच्या याद्या केल्या तेव्हा या रकान्यात काय लिहिलं होतं?’ तो शांतपणे म्हणाला, ‘तवाबी लिहिलं होतं गा. पाहुण्यात दत्तूसारखा एखादा निंगाला तं, असं.’

त्याच्या आखणीतली खरी करामत स्लॅबपाशी होती. इंजिनघरावर पाण्याची टाकी बसायची होती, म्हणून जाड स्लॅब. ती घातल्यावर खालच्या बल्ल्या, म्हणजे टेकूचे सागाचे वासे, एकवीस दिवस हलवायचे नाहीत. वामननं स्लॅबची तारीख अशी धरली की ते एकवीस दिवस बरोबर मोह पडण्याच्या दिवसांत यावेत. मोह पडायला लागला की त्या मुलखात मजूर मिळत नाही. घरची घरं पहाटे टोपल्या घेऊन झाडाखाली जातात. माणसं मोह वेचतील तोवर सिमेंट पकडेल, पाणी मारायला दोघं पुरेत... असा हिशोब. मोठ्या शहरातून आलेल्या आमच्या साहेबांना तो पटला नाही. ‘फुलं वेचायला लोकांना तीन आठवडे सुट्टी? आणि हा भीतीचा कॉलम कसला? कापून टाका.’ वामननं कात्री आणली, चौथा रकाना वरपासून खालपर्यंत सरळ कापला, पट्टीची घडी केली आणि खिशात ठेवली. उरलेला तक्ता भिंतीवर गेला. साहेब निघताना मी गाडीच्या दाराशी जाऊन बोलून बसलो, ‘तीन आठवडे लागणार नाहीत साहेब, मी करून दाखवतो.’

स्लॅब घातली. तिच्यावर शेतातल्या बांधासारखी मातीची पाळ घालून पाणी भरलं. मोह पडू लागला आणि एका सकाळी साइटवर चिमणीसुद्धा आली नाही. राहिले लच्छू मिस्त्री, पाणी मारणारा चिन्नू मडावी आणि त्याची बायको. इंजिनाचे पट्टे आणायला वामनला आठ दिवस चांद्याला जायचं होतं. जाताना म्हणाला, ‘दत्तू, बल्लीले हात लावू नको गा.’ मी छातीवर हात ठेवून शपथ घेतली, नाटकातल्यासारखी. तिसऱ्या दिवशी सकाळी मी बल्ल्या काढायला लावल्या. स्लॅबला जेमतेम दहा दिवस झाले होते. त्याच बल्ल्यांवर पलीकडची शेड उभी करायची, साहेबांना एक आठवडा वाचवून दाखवायचा, एवढंच डोक्यात. लच्छू कुरकुरला. चिन्नू म्हणाला, ‘मोह आपल्या टायमावर पडते साहेब, त्याले कोणी घाई करत नाई.’ मी त्याची नक्कल केली. दुपारपर्यंत निम्म्याहून जास्त बल्ल्या बाहेर होत्या. स्लॅब जागची हलली नाही. मी लच्छूला म्हटलं, पाहिलंस? आणि विडी पेटवली. ऊन भाजत होतं, स्लॅबखाली गारवा होता. चिन्नू आणि त्याची बायको तिथे भाकरीचं फडकं सोडून बसले.

त्याच वेळी बैलगाडी आली आणि तिच्यातून वामन उतरला. त्यानं मला काही विचारलं नाही. तो स्लॅबच्या खालच्या अंगाकडे पाहत होता. मीही पाहिलं. वर भरलेल्या पाण्याचे थेंब चिरेतून पडत होते. इथे तिथे नाही... एका सरळ रेषेत, या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत, सुईनं टाके घालावेत तसे. खालच्या धुळीत तशीच ओली रेघ उमटली होती, आणि ती चिन्नूच्या बायकोच्या पाठीमागून जात होती.

वामन अगदी हळू बोलला. ‘चिन्नूभाऊ, बाईले घेऊन इकडे ये. भाकर राहू दे. धावू नको.’ ती दोघं बाहेर आली. मग चिन्नूनं शिडीवरूनच बांबूनं मातीची पाळ फोडली आणि वरचं पाणी भिंतीवरून घळाघळा खाली आलं. तेवढं ओझं कमी झालं. वामननं एक बल्ली उचलली. मी हे सांगताना नेहमी इथे हसवतो, पण खरं असं की मी जमिनीत पुरल्यासारखा उभा होतो.  वामनच्या हातातल्या बल्लीचं टोक भिंतीवर टकटक वाजत होतं, आणि तसाच तो आत गेला. वर कुठेतरी बारीक ‘कट्’ असा आवाज झाला. तो थांबला. डोळे मिटले, नावेत मिटायचा तसे. मग म्हणाला, ‘दत्तू, तू आत येऊ नको. भाईरून बल्ल्या दे. लच्छू, पाचर.’ मी दिल्या. एकेक बल्ली, एकेक पाचर, आणि पाचरीवर पडणारा हातोडीचा प्रत्येक घाव मला माझ्या दातांत लागत होता. सात बल्ल्या लागल्या तेव्हा थेंब थांबले. तो बाहेर येऊन भिंतीशी बसला आणि ओकला.

मी पाण्याचा तांब्या पुढे केला आणि विचारलं, ‘तुम्ही परत कसे आलात?’ तो म्हणाला, ‘चष्मा इसरलो होतो गा.’ मी पाहिलं तर चष्मा नाकावर. मला हसू फुटलं, ते थांबेना, रडण्यासारखं हसू... तोही हसला. स्लॅब टिकली, बल्ल्या मोह संपल्यावरच निघाल्या, मृगाच्या आत टाकी चढली. साहेबांना त्यानं एक अक्षर कळवलं नाही. गोष्ट मात्र माझी झाली. पुढे वीस वर्षं मी ती त्याच्यासमोरही सांगत आलो, आणि तो कोपऱ्यात बसून सगळ्यांच्या मागून हसायचा.

तेराव्याला वरोऱ्याला गेलो. वहिनींनी चष्म्याचं घर माझ्यापुढे ठेवलं. ‘चष्म्याची गोष्ट तुमची, तं हेबी तुमचंच व्हय भाऊजी. यायनं कोणाले हात लावू देला नाई याले.’ आत चष्म्याखाली खाकी पट्टीची घडी होती. उलगडली... हाताएवढी लांब, दोन बोटं रुंद, बारीक अक्षरांत ओळीखाली ओळ. नदी. साप. लगन. मोह. स्लॅबच्या ओळीत, रकाना कापल्यानंतर कधीतरी, शाईनं लिहिलं होतं, ‘दत्तू. तिसऱ्या दिवशी परत येणे.’ आणि खाली, मागाहून, शिसपेन्सिलीनं, ‘त्याले सांगू नये.’

मी ओटीवर बसून ते किती वेळा वाचलं ते सांगता येत नाही. माझ्या शपथेवर त्यानं घटकाभरही विश्वास ठेवला नव्हता. इंजिनाचे पट्टे सोडून, त्या नावेतून नदी दोनदा ओलांडून, मी उभ्या केलेल्या मरणाखाली वेळेवर पोचायचं हे त्यानं आधीच आखून ठेवलं होतं. त्या दुपारची खरी भीती मला आता वाटते, इतक्या वर्षांनी, घरात बसल्या बसल्या. एक दिवस उशीर झाला असता तर... चिन्नूची बायको धुळीतल्या रेघेकडे पाठ करून बसलेली दिसते.

पट्टी आता माझ्या चष्म्याच्या घरात आहे. माझं घर त्याच्यापेक्षा लहान. चष्मा ठेवला की झाकण नीट लागत नाही, पट्टी आडवी येते. मी ती काढत नाही.