चावी मामांच्या खिशात

जगात जेवढी वाहनं चालतात ती सगळी आपल्याच जबाबदारीवर चालतात, असं मनापासून मानणारा एकच माणूस मी आयुष्यात पाहिला, आणि तो नेमका माझ्या बायकोचा मामा निघाला. शहापूर-मुरबाड रस्त्यावर त्यांनी उमेदीची सारी वर्षं एसटीची लाल गाडी हाकण्यात घालवली. निवृत्त झाले ते फक्त कागदावर. त्यांचा उजवा पाय मात्र नोकरीतच राहिला. माझ्या स्कूटरवर मागे बसले की समोर म्हैस दिसायचा अवकाश, मामांचा पाय ब्रेक शोधत माझ्या पोटरीवर आलाच. घरी खुर्चीत बसून बातम्या ऐकत असताना अंगणातून कोंबडी आडवी गेली तरी पाय जमिनीत रुतायचा. त्यामुळे त्यांची उजवी चप्पल डावीच्या कितीतरी आधी झिजे, आणि पडवीच्या कोपऱ्यात धडधाकट डाव्या चपलांचा एक ढीग साठला होता. मी एकदा त्यावरून हसलो, तर म्हणाले, "जावयबापू, मी कवाच रिटायर झालो, पन ह्या पायाला कागद भेटला नाय."

लग्नानंतर मी पहिल्यांदा त्यांच्या घरी जेवायला गेलो तेव्हाची गोष्ट. घर किन्हवलीच्या पुढे, रस्त्यापासून थोडं आत. सगळे हात धुऊन पाटावर बसले, ताटात भात, वर वालाचं बिरडं, आणि मामा आपले ताटाकडे बघत स्वस्थ. मी शाळामास्तर, मला वाटलं काही श्लोकबिक म्हणायचा असेल, म्हणून मीही हात आवरला. तेवढ्यात मामींनी पळी पातेल्याच्या काठावर दोनदा वाजवली आणि मामांनी पहिला घास उचलला. कंडक्टरची डबल बेल झाल्याशिवाय गाडी सोडायची नाही, ही सवय त्यांच्या अंगात इतकी मुरली होती की दोन टोले ऐकल्याखेरीज त्यांचा हात तोंडाकडे जातच नसे. मामा जेवताना फार बोलायला लागले की मामी एकच टोला देत. त्या एका टोल्यावर मामा वाक्याच्या मधोमध थांबत, आणि पुढची बेल होईपर्यंत ते वाक्य तिथंच उभं राही. पेटी नाहीतर कपाट उचलून मागे यायचं झालं तर गाडी मागे घेताना कंडक्टर म्हणतो तसं कुणीतरी "आन दे, आन दे" म्हणावं लागे. म्हणायला कुणी नसलं तर मामा कपाट धरून तसेच उभे राहत. एकदा पाव तास उभे होते.

पण मामांची कीर्ती या कशामुळे नव्हती. ती होती चाव्यांमुळे. आमच्याकडच्या लग्नांत वऱ्हाड आणणाऱ्या डायव्हरला मान असतो. टॉवेल, टोपी, नारळ, आणि टॉवेलात गुंडाळून एक बाटली. ही बाटली न देणं म्हणजे वरपक्षाची अब्रू गेली. डायव्हरही मान ठेवायचा म्हणून लगेच ठेवत. मग मांडवात मामांची फेरी सुरू होई. ते डायव्हरजवळ जाऊन उभे राहत, गावाकडची चौकशी करत आणि सहज म्हणत, "जरा तंबाखू मळून दे रे." डायव्हर मळायला लागला की मामा वाकून त्याच्या तोंडाचा वास घेत आणि डोळे त्याच्या तळहातावर ठेवत. चुना नीट लागला, तंबाखू सांडली नाही, तर चिमूट तोंडात टाकून पुढच्या गाडीकडे. सांडली, तर काही न बोलता गाडीत हात घालून चावी काढायची, सदऱ्याच्या आतल्या खिशात टाकायची आणि वर सेफ्टी पिन लावायची. त्या डायव्हरला झाडाखाली झोपवायचं, उठल्यावर तीन तांबे ताक पाजायचं आणि पुन्हा तंबाखू मळायला लावायची. पास झाला तर चावी परत. नापास झाला तर पुन्हा ताक.

एकदा त्यांनी एका पुढाऱ्याच्या गाडीची चावी काढली. डायव्हर उठेना, पुढाऱ्याला गाव सोडता येईना, तेव्हा बिचाऱ्याने आशीर्वादाचं भाषण तासभर लांबवलं. नवरा-नवरी उभ्याने पेंगली. लोक म्हणाले, मामांनी चुकीच्या माणसाची चावी काढली.

हळूहळू त्या पट्ट्यात एक रीतच पडून गेली. लग्नाहून निघताना बायका जीपमध्ये बसण्याआधी विचारत, "मामांनी चावी दिली काय गो?" दिली असेल तर डोळे मिटून बसायचं. परवाना देणारी दुसरी कचेरी आमच्याकडे कुणाला ठाऊक नव्हती.

मला हे सगळं फार गमतीचं वाटे, आणि तितकंच अडाणीपणाचंही. शहापूरला शाळेत नागरिकशास्त्र शिकवणारा माणूस मी. मामांना नेहमी म्हणायचो, "मामा, सरळ पोलिसांत कळवा. चावी काढून कुणाची दारू सुटलीये का?" मामा ऐकून घेत. एकदाच त्यांनी कारण सांगितलं. नोकरीत असताना त्यांनी एका जोडीदाराची तक्रार केली होती. तो पिऊन गाडीवर चढला होता आणि तक्रार खरी होती. त्याची नोकरी गेली. "त्याची बायको माझ्या दारात आली," मामा म्हणाले. "भांडली नाय, रडली नाय, काय बोलली पन नाय. पोर मांडीवर घेऊन सांज व्हईस्तोवर बसली नि गेली. जावयबापू, लायसन गेलं तर अख्खं घर बसतं. चावी घेतली तर नुसती दुपार जाते." मी म्हणालो, "हा भाबडेपणा आहे." मामा काही बोलणार होते, पण आतून मामींचा एक टोला पडला. मी मात्र त्या वादात जिंकलो असं धरून चाललो. मी स्वतः कधी एकाही पिऊन गाडी चालवणाऱ्याला पोलिसांत कळवलं नव्हतं हे सांगायला हवं. मी फक्त कळवावं असं म्हणत असे.

त्या रस्त्यावर बाळ्या नावाचा एक काळी-पिवळी जीपवाला होता. मनानं फार चांगला. एखादी म्हातारी वाटेत हात दाखवील तर तिच्यासाठी मागे जीप आणील, असा. पण मांडवातला मान त्याला झेपत नसे. एका हंगामात मामांनी त्याची चावी चारदा काढली. चौथ्या वेळी त्याला ताक पिऊन पिऊन ओकारी झाली आणि सगळ्या वऱ्हाडानं ती पाहिली.

त्यानंतरच्याच आठवड्यात मी शहापूरच्या बाजारात छत्री दुरुस्तीला घेऊन गेलो. कुलपं आणि छत्र्या नीट करणाऱ्या माणसासमोर बाळ्या उकिडवा बसला होता आणि तो माणूस जीपची नवी चावी कानशीनं घासत होता. मला पाहताच बाळ्यानं हात जोडले. "गुरुजी, मामांना सांगू नका हां. एक त्यांच्या खिशात ऱ्हाऊ दे, एक माझ्या." मी इतका हसलो की छत्रीवाल्यानंही मान वर केली. मामांवर ही खरी मात होती. दुसऱ्या दिवशी मधल्या सुट्टीत मी हा किस्सा शिक्षकांच्या खोलीत रंगवून सांगितला. सगळ्यांना सांगितला, फक्त ज्यांना सांगायला हवा होता त्यांना नाही. चहाडी करणं मला बरं वाटेना, आणि इतकी चांगली गंमत मोडायचंही जिवावर आलं.

पुढच्या वैशाखात सरळगावच्या अलीकडे नात्यातलं एक लग्न होतं. टळटळीत दुपार. बाळ्याचीच जीप वऱ्हाडाला होती. मामांनी तंबाखू मागितली, बाळ्यानं चुना तळहाताऐवजी पँटवर लावला. चावी निघाली, खिशात गेली, पिन लागली. बाळ्याला जांभळीखाली झोपवून मामा पंगतीला माझ्या शेजारी येऊन बसले. पळसाच्या पत्रावळी होत्या, जवळच्या ठाकरवाडीवरची एक ठाकरीण घेऊन आलेली. तिनं आपल्या हातांनी लावलेल्या त्या. तिलाही वाढून दिलं होतं, आणि ती ते फडक्यात बांधून घरी न्यायला मांडवाबाहेर बसली होती. वाढप्यानं माझ्या पानात नुकती जिलेबी वाढली होती. तेवढ्यात मांडवामागून जीप सुरू झाल्याचा आवाज आला.

कुणीतरी म्हणालं, "बाळ्याची काय रे?"

मामांनी खिसा चाचपला आणि हसले. "दुसऱ्या कुनाची असल. बाळ्याची चावी माझ्यापाशी हाय."

मला माहीत होतं. त्या पंगतीत मला एकट्याला माहीत होतं. उठून दहा पावलं गेलो असतो तर जीपसमोर उभा राहिलो असतो. पण भरली पंगत मध्येच सोडून उठणं बरं दिसत नाही, यजमानांना अपमान वाटेल, आणि बाळ्या कदाचित जीप नुसती सावलीत घेत असेल, असं मी स्वतःला समजावलं. समजावायला फार वेळ लागला नाही. मी जिलेबी खाल्ली. आवाज लांब गेला.

पुढच्या वळणावर जीप कोरड्या ओढ्यात उलटली. बाळ्याचा हात मोडला, पहिल्या पंगतीला जेवून घरी निघालेल्या चारपाच जणांना लागलं. पत्रावळी देणारी ती बाई जागच्या जागी गेली. तिचं फडक्यातलं जेवण रस्त्यावर सांडलं होतं. दवाखान्याच्या ओट्यावर डोक्याला पट्टी बांधलेली एक बाई मामांना सांगत होती, "गाडी चालू झाली ना मामा, म्हंजी तुमी चावी दिलेलीच असनार. म्हून आमी बसलो. तिला पन मीच बोलली, बस गो, मामांनी दिली हाय चावी."

मामा दुसऱ्या दिवशी सकाळी मला घेऊन पोलिसांकडे गेले. सेफ्टी पिन काढून चावी टेबलावर ठेवली आणि म्हणाले, "ही चार डाव काढली, कालचा पाचवा. एकदा बी तुमाला कलवलं नाय. माझी चूक लिवा." हवालदार भला होता. त्यानं चहा मागवला, यात तुमचा गुन्हा होत नाही असं समजावलं, आणि जीपला दुसरी चावी लावलेली सापडली तेही सांगितलं. मामांनी चहा तसाच ठेवला.

परत येताना ते स्कूटरवर माझ्या मागे होते. वाटेत म्हणाले, "डुप्लिकेट केली व्हती म्हनं. बाजारात केली असल. म्हंजी कुनी ना कुनी बघितली असलच की, जावयबापू."

"असेल," मी म्हणालो.

समोरून एक बैलगाडी आडवी आली. मी कसाबसा ब्रेक दाबला. माझ्या पोटरीवर मामांचा पाय आला नाही. त्या दिवसानंतर तो कधीच आला नाही.

त्यांनी पुन्हा कुणाची चावी काढली नाही. मांडवात जाणंही सोडलं. मात्र दर महिन्या-दोन महिन्यांनी मला बोलावून पोलिसांना अर्ज लिहायला लावत. अमक्या नंबरची जीप, अमका डायव्हर, पिऊन असतो, लक्ष ठेवावं. ते सांगत, मी शुद्ध मराठीत उतरवून घेई. माझं अक्षर चांगलं आहे. शेवटी प्रत्येक अर्जात त्यांचं एक वाक्य ठरलेलं असे. "ज्यानं बघितलं नि सांगितलं नाय, तो बी त्यातलाच. हे लिवा जावयबापू, नीट लिवा." मी लिहीत असे, "पाहूनही न सांगणारा तितकाच दोषी आहे." किती अर्जांत लिहिलं, आता आठवत नाही. एकदाही माझं अक्षर बिघडलं नाही, याची आज लाज वाटते.

एका अर्जामुळे एका डायव्हरचं लायसन गेलं. त्याची बायको मामांच्या दारात आली नाही. तरी मामा तो अख्खा दिवस ओट्यावर बसून तिची वाट बघत होते.

शेवटच्या आजारपणात त्यांचं जेवण तुटलं. मी भेटायला गेलो तेव्हा मामी पेजेची वाटी घेऊन बसल्या होत्या. त्यांनी चमचा वाटीवर दोनदा वाजवला. मामांनी ऐकलं, पण तोंड उघडलं नाही. मामींनी पुन्हा दोनदा वाजवला आणि माझ्याकडे पाहिलं. मी ठरवून आलो होतो की आज सांगायचंच. छत्रीवाला, कानस, बाळ्याचे जोडलेले हात, सगळं. मी जवळ सरकलो. मामांनी डोळे उघडले. "काय बोलनार व्हता, जावयबापू?"

"काही नाही मामा," मी म्हणालो. "पेज घ्या."

त्यांनी माझ्यासाठी म्हणून दोन चमचे घेतले. पंधरवड्यात ते गेले. मी दुसऱ्यांदा पंगतीतून उठलो नव्हतो.

आता मीही निवृत्त झालो आहे. लग्नाची बोलावणी अजून येतात आणि मी जातो. जेवायला बसल्यावर मांडवाबाहेर गाडी सुरू झाल्याचा आवाज आला की पान तसंच टाकून उठतो. यजमान नाराज होतात. गुरुजींना पंगतीची रीत कळत नाही, असं मागे बोलतात तेही माझ्या कानावर आलं आहे. मी बाहेर जातो, डायव्हरच्या खिडकीशी उभा राहतो, गावाकडची चौकशी करतो आणि म्हणतो, "जरा तंबाखू मळून दे रे." तंबाखू सांडली, तर गाडीसमोर उभा राहतो आणि तिथूनच पोलिसांना फोन लावतो. घरी त्याची बायको-पोरं असतील हे मला ठाऊक असतं. फोन लागेपर्यंत माझा उजवा पाय जमिनीवर घट्ट दाबलेला असतो. आणि नाही सांडली, तर ती चिमूट मुठीत धरून मी परत येतो. तंबाखू मी कधीच खाल्लेली नाही.