नोकरी चालेल, सायकल नको

जळगावात आमच्या घराजवळ सायकलींचं एक जुनं दुकान आहे. परवा संध्याकाळी भाजी घेऊन तिथून येत होते. दुकानदाराने नव्या सायकली रस्त्याकडेला ओळीने मांडल्या होत्या, चाकांवरचे कागद अजून निघायचे होते. कोऱ्या टायरचा तो उग्र, जरासा गोडसर वास नाकात शिरला आणि मी पिशवी हातात घेऊन तिथेच उभी राहिले. माणसांना प्राजक्ताचे, मातीचे, आजोळच्या देवघराचे वास आठवतात. मला रबराचा आठवतो. आणि त्या वासामागोमाग जी आठवण येते तिला हळवी म्हणायची सोय नाही. ती येते ती कपाळावर आठी घेऊनच.

धुळ्यापासून बरंच आत, पांझरेच्या काठी आमचं गाव. नदीच्या पाटाने भिजणारी थोडी शेतं, पलीकडे बाजरी-भुईमुगाचं कोरडं रान, आणि मध्ये बाभळी-लिंबांतून धुळ्याकडे जाणारा, बैलगाड्यांच्या चाकोऱ्यांनी चिरलेला रस्ता. मॅट्रिक झाल्यावर मला धुळ्याला टेलिफोन ऑपरेटरची नोकरी लागली, तेव्हा एकोणीसशे साठचं दशक सरायला आलं होतं. कानाला हेडफोन, समोर भोकांचा फळा, हातात दोऱ्या. ‘नंबर प्लीज’ म्हणायला शिकताना मला कोण अभिमान वाटला होता! पण पहिली पाळी भल्या सकाळी सुरू व्हायची आणि गावात एसटी यायची ती ऊन चांगलं वर आल्यावर; आली तर. शहरात खोली घेऊन राहावं म्हटलं तर घरी वडील अंथरुणाला खिळलेले. अर्धांगाने त्यांची उजवी बाजू गेली होती. त्यांना उठवून बसवायचं, अंग पुसायचं, कूस बदलायची, हे एकट्या आईच्या ताकदीचं काम नव्हतं. त्यामुळे रोज जायचं आणि रोज परतायचं, याला इलाज नव्हता.

सतत उशीर होऊ लागल्यावर आमच्या सुपरवायझर बाईंनी मला एकदा बाजूला घेतलं आणि मायेने, पण स्पष्ट सांगितलं, की असंच चाललं तर ही जागा दुसरीला जाईल. घरी येऊन मी रडले. आईने रडू दिलं. आठवड्याच्या बाजाराला तिने म्हशीची पारडी विकली आणि संध्याकाळी धुळ्याहून माल घेऊन येणाऱ्या बैलगाडीवर, गुळाच्या पोत्यांशेजारी बांधून, एक लेडीज सायकल आली. हिरवी, चेनकव्हर असलेली. त्या कोऱ्या टायरचा वास त्या दिवशी ओसरीभर पसरला होता. आई स्वतः कधी सायकलला शिवलेली नव्हती. तिने फक्त चाकाला हात लावून कपाळाला लावला.

नदीच्या कोरड्या वाळवंटात मी सायकल शिकले, पडले, गुडघे फोडून घेतले, आणि एके पहाटे पाचवारीचा पदर कमरेला घट्ट खोचून निघाले. जाताना पश्चिमेचा वारा समोरून छातीवर यायचा. चढाला तर कुणीतरी दोन्ही हातांनी मागे लोटतंय असं वाटे. येताना तोच वारा पाठीशी असायचा आणि सायकल आपोआप पळायची. वैशाखातल्या उन्हात हँडल हाताला चटके द्यायचं, भादव्यात चिखल चाकाला आणि मडगार्डला असा जाम बसायचा की काडीने उकरत चालावं लागे. हे सगळं मी सोसलं, आणि खरं सांगायचं तर मला ते आवडायलाही लागलं. पहाटेच्या गार हवेत त्या रस्त्यावर मी आणि टिटव्या, एवढेच असायचो. दुसऱ्या कुणाच्या सोबतीवाचून, आपल्याच पायांच्या बळावर कुठेतरी जाता येतं, हे कळण्याचा आनंद काय असतो, तो ज्यांना जन्मतःच मिळाला त्यांना कसा कळावा?

ऊन, वारा, चिखल यांचं मला काही म्हणायचं नाही. म्हणायचं आहे ते माणसांचं. चहाच्या हॉटेलापुढून जाताना बाकावरची मंडळी शिट्ट्या घालत. बायका तोंडाला पदर लावत. आणि एका पहाटे गावाबाहेरच्या वळणावर, नेमक्या माझ्या चाकोरीत, बाभळीचे काटे अंथरलेले निघाले. दोन्ही चाकं बसली. उरलेली वाट मी सायकल ढकलत चालत गेले आणि अर्ध्या दिवसाची रजा मांडून घेतली. काटे कुणी तोडले, कुणी वाहून आणले, हे मला आजही माहीत नाही. पण बाभळीचे काटे तोडताना हाताला टोचतात. एवढी तोशीस सोसून ते अंथरणाऱ्याचा माझ्यावर राग तरी काय होता?

दुसऱ्या दिवसापासून आई विळा घेऊन माझ्यापुढे चालू लागली. विचारलं तर म्हणायची, गवत कापायला जाते. ते वळण ओलांडून मी दिसेनाशी होईपर्यंत ती तिथे उभी असे.

काट्यांनी भागलं नाही तेव्हा गावातले एक वडीलधारे घरी आले. सगळे त्यांना आबा म्हणत. वडिलांच्या खाटेजवळ बसले, दोन घोट पाणी प्यायले आणि आईला म्हणाले, “वहिनी, पोर टांग टाकीसन सायकलवर जास. गावनं नाक कापाई गयं.”

आई भाकरी थापत होती. तिने मान वर केली नाही. “आबा, मन्ही पोर चोरी करस का? नोकरीले जास. तिना बाप खाटवर पडेल शे, तो तुमले दिसना नई. पोरना पाय तेवढा दिसनात!”

“बठ्ठं गाव बोली ऱ्हायनं, वहिनी.”

“मंग बठ्ठा गावले सांगा, डोया मिटी ल्या.”

सगळ्या गावाला डोळे मिटायला सांगा म्हटल्यावर आबा पाणी अर्धं ठेवून उठले. खाटेवरच्या वडिलांना नीट बोलता येत नव्हतं, पण त्या दिवशी त्यांचा डावा हात कितीतरी वेळ खाटेच्या लाकडावर आपटत होता. तो हात रागाने आपटत होता की आनंदाने, हे मी विचारलं नाही.

पुढच्या वर्षी जळगावचं स्थळ आलं. मुलगा कारकून, घर बरं. मुलाच्या वडिलांनी पोह्यांची बशी खाली ठेवत सांगितलं, “मुलगी पसंत आहे. नोकरीही चालेल. चालेल काय, हवीच आहे. लग्नानंतर जळगावला बदली करून घेऊ. फक्त आता ते सायकलचं बंद करा.”

मी आतून बाहेर आले. “मग लग्नापर्यंत कामावर कशी जाऊ?”

ते हसले. “अहो, गावातलं कोणीतरी पुरुषमाणूस डबलसीट सोडून येईल की!”

मी मुलाकडे पाहिलं. तो बशीत चहा ओतत होता; मन लावून ओतत होता. माझा पगार त्यांना हवा होता, तो आणायला जाणारे पाय तेवढे नको होते. परक्या पुरुषाच्या मागे बसून गेले तर अब्रू राहणार होती, आणि एकटी गेले तर जाणार होती! मी म्हणाले, “सायकल राहील.” ते स्थळ उठून गेलं. लग्न पुढे जळगावातच दुसऱ्या घरी झालं, उशिरा झालं. ती गोष्ट वेगळी. वडील जाईपर्यंत त्या रस्त्यावर मी रोज सायकल मारली.

मध्यंतरी गावच्या शाळेत मुलींना सायकली वाटल्या गेल्या. पाहुणी म्हणून मला बोलावलं. आबांचा नातू आता गावचा पुढारी आहे. शाल घालताना तो माइकवर म्हणाला, “आमच्या गावाने पहिल्यापासून लेकींना पाठबळ दिलं. या ताई त्याचा जिवंत पुरावा आहेत!” टाळ्या पडल्या. मी उठले आणि म्हणाले, “मला या गावात एका बाईने पाठबळ दिलं. तिला सही येत नव्हती. बाकीच्यांनी काटे दिले.” मग निवेदकाने घाईघाईने अल्पोपाहाराची घोषणा केली. खाली उतरल्यावर एक गृहस्थ कानाशी येऊन म्हणाले, “ताई, आज चांगला दिवस. जुनं कशाला उकरता?”

उकरायला ते पुरलेलं तरी असावं लागतं. इथे तर त्याच्यावरच मांडव घातला होता.

वय वाढलं की राग निवतो म्हणतात. बरेच निवलेही. सासरचे, ऑफिसातले, नशिबावरचे. काहींची कारणंसुद्धा आता आठवत नाहीत. तो रस्ता रुंद झाला, लिंब तोडले गेले, टेलिफोनचा फळा भंगारात गेला, शिट्ट्या घालणारे बहुतेक सगळे मातीत मिसळले. काळ दुष्टांना नेतो तसा त्यांच्या दुष्टपणाचा पुरावाही नेतो, आणि मागे उरलेले सोयीचा इतिहास सांगू लागतात. अशा वेळी कुणीतरी एकाने तरी निवायचं नाकारायला हवं. माझी कुणाशी भांडायची इच्छा उरलेली नाही. पण हा एक राग मी जपला आहे, घरात एखादं धारेचं हत्यार तेल लावून ठेवतात तसा. माझ्यानंतर कुणाला त्याची गरज पडू नये एवढंच वाटतं. पडलीच, तर तो बोथट मिळू नये.